स्पर्धाच रद्द झाली तेव्हा: ख्रिस हॉयचं प्रकरण

२० ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, स्कॉटलंडच्या ख्रिस हॉयनं एक किलोमीटर टाइम ट्रायलचं ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वर्षही पुरतं उलटलं नव्हतं, तोच सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं जाहीर केलं की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ही शर्यत नसेल. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये झालेली शर्यत कार्यक्रमातून काढून टाकली गेली. हॉय कुणाकडून हरला नव्हता, जायबंदी झाला नव्हता, वयानं थकलाही नव्हता. ज्या शर्यतीत तो जगात पहिला होता, ती शर्यतच उरली नाही.

पुढं काय झालं ते जगजाहीर आहे. बीजिंगमध्ये त्यानं एक नाही, तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि तिन्ही किलोमीटर सोडून इतर शर्यतींत. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं जिंकणारा तो १९०८ च्या हेन्री टेलरनंतरचा पहिला ब्रिटिश खेळाडू. ही कहाणी सांगताना बहुतेक जण जिद्द, मेहनत, सकारात्मक दृष्टी इथंच थांबतात. ते खोटं नाही, पण त्यातून काहीच उलगडत नाही. जिद्दी खेळाडू त्या ट्रॅकवर पुष्कळ होते. माझ्या मते हॉयनं आणि त्याच्या प्रशिक्षकांनी एक नेमकी गोष्ट केली: त्यांनी दुसरा हॉय घडवायचा प्रयत्न केला नाही. किलोमीटरसाठी जे शरीर तयार झालं होतं, तेच शरीर ज्या शर्यतींत अडचणीचं न ठरता हत्यार ठरेल अशा शर्यती शोधल्या, आणि त्या शर्यती आपल्या पद्धतीनं घडवून आणल्या. ते कसं, हे पाहण्यासाठी आधी ती गेलेली शर्यत समजून घ्यावी लागते.

किलोमीटर म्हणजे काय

सायकलवाले तिला नुसतं ‘किलो’ म्हणतात. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. ट्रॅकवर तुम्ही एकटेच. मागचं चाक यंत्रात अडकवलेलं असतं, घड्याळ उलटं मोजत येतं, शून्यावर यंत्र चाक सोडतं. सायकलला ब्रेक नसतात आणि गिअर एकच, तोही फिक्स. म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, पाय थांबवायची सोयच नाही. हा गिअर शेवटच्या फेऱ्यांच्या वेगासाठी निवडलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला तो भयंकर जड पडतो. पहिली अर्धी फेरी खेळाडू सीटवरून उठून, हँडल अक्षरशः ओढत, सगळं वजन पेडलवर टाकत सायकलला गती देतो. मग खाली बसतो, हात पुढं एकत्र घेतो, डोकं खांद्यांत दडवतो.

दुसऱ्या फेरीत कुठंतरी वेग शिखरावर पोचतो. तिथून पुढं तो फक्त कमी होत जातो. स्नायूंत तयार असलेला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पहिल्या दहा सेकंदांच्या आसपासच संपत येतो. मग शरीर ऑक्सिजनची वाट न पाहता साखर जाळतं आणि स्नायूंत आम्ल साचायला लागतं. चौथ्या फेरीत पाय ऐकत नाहीत. पेडल फिरत राहतं कारण गिअर फिक्स आहे, पण त्यावर जोर देणं म्हणजे दगडावर जोर देणं होतं. किलो जिंकणारा खेळाडू त्या फेरीत वेग वाढवत नसतो. इतरांपेक्षा कमी गमावत असतो. रेषा ओलांडल्यावर अनेकांना आधाराशिवाय सायकलवरून उतरता येत नाही.

हा तपशील मुद्दाम एवढा दिला, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हॉयची खरी ताकद सर्वोच्च वेग ही नव्हती. त्याच्यापेक्षा झटक्यात सुटणारे स्प्रिंटर होते. उंच वेग गाठून तो इतरांपेक्षा जास्त वेळ टिकवणं, हे त्याचं वैशिष्ट्य होतं.

आणखी एक: किलोमध्ये दुसरी संधी नसते. ऑस्ट्रेलियाचा शेन केली १९९६ ला अटलांटात विश्वविक्रमवीर म्हणून उतरला होता. सुटतानाच त्याचा पाय पेडलमधून निसटला आणि चार वर्षांची तयारी त्या क्षणी संपली. या शर्यतीत डोकं शांत ठेवणं ही पायांइतकीच मोठी गोष्ट आहे.

अथेन्सची ती दहा-बारा मिनिटं

मूळचा एडिनबराचा हॉय लहानपणी बीएमएक्सच्या, म्हणजे छोट्या सायकलींवरून उंचवटे-उड्यांच्या ट्रॅकवर होणाऱ्या शर्यती खेळला, चौदाव्या वर्षापर्यंत. शाळेत रग्बी आणि रोइंग केलं. रोइंगमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोचला. ट्रॅकवर तो मेडोबँकच्या उघड्या वेलोड्रोमवर आला, जिथं पाऊस पडला की सराव बंद. सिडनी ऑलिंपिकमध्ये क्रेग मॅक्लीन आणि जेसन क्वीली यांच्यासोबत सांघिक स्प्रिंटचं रौप्य मिळालं. किलोचा विश्वविजेता तो २००२ मध्ये झाला आणि पुन्हा २००४ मध्ये. विश्वविजेता म्हणून अथेन्समध्ये त्याची पाळी सगळ्यात शेवटी होती.

शेवटी जाणं म्हणजे आधीच्यांच्या वेळा कानावर पडत राहणं. केली १ मिनिट १.२२४ सेकंदांत आला: ऑलिंपिक विक्रम. त्यानंतर जर्मनीचा श्टेफान निमके १:०१.१८६, तो विक्रम मोडला. त्यानंतर फ्रान्सचा अर्नो तुर्नां, १९९८ पासून सलग चार वर्षं या शर्यतीचा विश्वविजेता, १:००.८९६. पुन्हा विक्रम. पाठोपाठ तीन वेळा विक्रम मोडला गेला आणि मग हॉय यंत्रात चाक अडकवायला आला.

ब्रिटिश संघासोबत काम करणाऱ्या स्टीव्ह पीटर्स या मनोविकारतज्ज्ञानं नेमकी हीच परिस्थिती त्याला आधी विचारली होती: तुझ्या आधीच्यानं विश्वविक्रम केला तर काय करशील? ‘मी माझं लक्ष माझ्या शर्यतीवर ठेवीन’ अशा धाटणीचं उत्तर पीटर्सनं पुरेसं मानलं नाही. लक्ष ठेवशील म्हणजे कसं, त्या सेकंदाला डोक्यात नेमकं काय आणशील, हे त्यानं खोदून विचारलं. तेव्हापासून तो विचार मनात आला की हॉय स्वतःच्या शर्यतीचं चित्र पहिल्या पेडलपासून शेवटच्या रेषेपर्यंत डोक्यात चालवायचा. ही सवय इतकी मुरली की अथेन्समध्ये स्टँडमधला गलका वाढत गेला तसा तो त्या चित्रात शिरत गेला. १ मिनिट ०.७११ सेकंद. सरासरी वेग ताशी ५९ किलोमीटरच्या वर, तोही उभ्या सुरुवातीपासून.

निर्णय

ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सला जागा द्यायची होती आणि सायकलिंगची एकूण पदकसंख्या वाढवायची नव्हती. अथेन्समध्ये सायकलिंगच्या १८ स्पर्धा होत्या, बीजिंगमध्येही १८ च ठेवायच्या होत्या. पुरुष आणि महिलांची बीएमएक्स मिळून दोन आत, म्हणजे दोन बाहेर. बाहेर गेल्या त्या पुरुषांची किलो आणि महिलांची ५०० मीटर टाइम ट्रायल.

मला हा निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. किलो ही ट्रॅकवरची सगळ्यात सोपी समजणारी शर्यत आहे. एक माणूस, एक घड्याळ. सायकलिंगमधलं काही ठाऊक नसलेला माणूससुद्धा पहिल्या फेरीपासून त्यात गुंततो. महिलांवर तर याहून मोठा अन्याय झाला. बीजिंगमध्ये ट्रॅकवर पुरुषांना सात शर्यती आणि महिलांना फक्त तीन उरल्या. हे असंतुलन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दुरुस्त झालं, पण मधल्या चार वर्षांत ज्यांचं ऐन उमेदीचं वय होतं त्यांना त्याचा काय उपयोग?

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या बीएमएक्ससाठी हॉयची शर्यत गेली, तीच त्याची पहिली आवड होती, आणि सांघिक स्प्रिंटमधला त्याचा जोडीदार जेमी स्टाफ हा तर बीएमएक्सचा माजी विश्वविजेता. त्यामुळे हॉयचा विरोध बीएमएक्सला कधीच नव्हता.

हातात काय उरलं

२००५ च्या उन्हाळ्यात हॉयसमोर चार वाटा दिसत होत्या.

निवृत्ती. एक सुवर्ण, एक रौप्य, विश्वविजेतेपदं. कुणी नावं ठेवली नसती.

फक्त सांघिक स्प्रिंट. ही त्याला येतच होती. तीन जणांचा संघ, तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर पुढचा बाजूला होतो आणि शेवटचा एकटा रेषेपर्यंत जातो. तिसरा माणूस उभ्या सुरुवातीपासून ७५० मीटर जातो, आणि ते किलोच्या पाऊण भागासारखं आहे. सुरक्षित वाट, पण चार वर्षांत मिळून एकच पदक, आणि तेही तीन जणांच्या फॉर्मवर अवलंबून.

परस्यूट, म्हणजे चार किलोमीटर. सिडनीत किलोचं सुवर्ण जिंकलेला क्वीली त्या दिशेनं गेला. पण हॉय अंगापिंडानं भरभक्कम, स्नायूंनी जड. चार मिनिटांच्या शर्यतीसाठी त्याला हे सगळं शरीर मोडून नव्यानं बांधावं लागलं असतं.

आणि चौथी वाट: केइरिन आणि वैयक्तिक स्प्रिंट. अंतर जवळचं, शरीर तेच. अडचण वेगळीच होती. या दोन्ही शर्यतींत समोर माणसं असतात. किलोमध्ये हॉयनं कधी कुणाच्या खांद्याला खांदा घासला नव्हता, मागं वळून पाहिलं नव्हतं, कुणाला चकवलं नव्हतं. स्प्रिंटमध्ये तर दोघे जण पहिली दीड-दोन फेरी जवळजवळ रेंगाळत एकमेकांना जोखतात आणि मग झडप घालतात. विशी-बाविशीपासून रोज तेच करणाऱ्यांसमोर तो तिशीत उतरणार होता.

इथं बहुतेकांनी काय केलं असतं? कच्ची बाजू पक्की करायला घेतली असती: चकवे शिका, झडप वाढवा. हॉयनं तेही केलं, पण आधी त्यानं प्रश्न उलटा घेतला. मी जर समोरच्याला तो खेळ खेळूच दिला नाही तर?

केइरिनमधला किलो

केइरिन जपानची. तिथं १९४८ पासून तिच्यावर सट्टा चालतो आणि व्यावसायिक खेळाडूंची स्वतंत्र शाळा आहे. ऑलिंपिकमध्ये ती सिडनीपासून आली. त्या काळच्या नियमांनुसार आठ फेऱ्यांची शर्यत. सहा-सात खेळाडू एका लहान मोटरसायकलमागं रांगेत जातात. मोटरसायकल ताशी ३० किलोमीटरपासून हळूहळू ५० पर्यंत वेग चढवते आणि साधारण अडीच फेऱ्या उरल्या की ट्रॅकवरून बाहेर पडते. पुढं मोकळं रान.

नेहमीची हुशारी अशी: दुसऱ्या-तिसऱ्या जागी राहा, पुढच्याच्या आडोशानं वारा चुकव, शेवटच्या वळणावर बाहेरून झेप घे. वारा तोडणाऱ्याच्या मागं असलेल्याला त्याच वेगासाठी बरीच कमी ताकद लागते. म्हणून पुढं राहणं हा गाढवपणा मानला जायचा.

हॉयनं तोच गाढवपणा हत्यार म्हणून वापरला. मोटरसायकल बाजूला झाली की दीड-दोन फेऱ्या बाकी असतानाच तो पुढं यायचा, आतली रेषा पकडायचा आणि वेग चढवत न्यायचा. झटक्यानं नाही, सलग. हे का चालतं ते भूमितीनं कळतं. पुढच्याला मागं टाकायचं तर बाहेरून जावं लागतं. आडव्या मापानं एक मीटर बाहेरून पूर्ण फेरी मारली तर सव्वासहा मीटर अंतर जास्त पडतं, अर्ध्या फेरीला तीन मीटरच्या वर. आडोसा सोडून बाहेर आल्याबरोबर वारा अंगावर येतो, वर हे जादा अंतर. समोरचा थकत असेल तर हे जमतं. पण समोरचा असा माणूस असेल, की ज्याचं सगळं आयुष्य चौथ्या फेरीत इतरांपेक्षा कमी थकण्यावर गेलंय, तर मागच्याची झेप त्याच्या मागच्या चाकापर्यंत, फार तर कमरेपर्यंत पोचते आणि तिथंच लटकते. बीजिंगच्या आधीच्या वर्षभरातल्या शर्यती पाहिल्या तर पुनःपुन्हा तेच दृश्य दिसतं: बाहेरून आलेला खेळाडू त्याच्या बरोबरीला येतो आणि संपतो.

अर्थात नुसत्या जोरावर हे होत नाही. पुढं यायची वेळ चुकली तर आपणच बाहेर अडकतो. वर चढलेला खेळाडू आपल्याला आत कोंडू शकतो. ब्रिटिश संघानं स्प्रिंटसाठी जर्मनीच्या यान फान आयडनला आणलं होतं. फान आयडन हा २००० चा स्प्रिंटचा विश्वविजेता, आणि डावपेचांत मुरलेला. हॉयला त्यानं पुस्तकी चकवे शिकवण्यापेक्षा समोरच्याचे चकवे ओळखायला शिकवले, असं त्या काळातल्या हॉयच्या शर्यती पाहून माझं मत झालंय. तो क्वचितच चतुर दिसला, पण फसलाही क्वचितच.

२००७ मध्ये स्पेनमधल्या पाल्मा इथल्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत त्यानं किलो जिंकली, चौथ्यांदा. त्याच स्पर्धेत केइरिनही जिंकली. किलोबाहेरचं त्याचं हे पहिलं वैयक्तिक विश्वविजेतेपद.

ला पाझ

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग पदकांचा नाही. मे २००७ मध्ये हॉय बोलिव्हियातल्या ला पाझला गेला. तिथला वेलोड्रोम समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणून वाऱ्याचा अडथळा कमी. पण श्वासही पुरत नाही. किलोचा विश्वविक्रम तुर्नांनं २००१ मध्ये तिथंच केला होता: ५८.८७५ सेकंद. ऑलिंपिकमधून गेलेल्या आपल्या शर्यतीत तेवढं एक करायचं राहिलं होतं.

हॉयनं ५८.८८० सेकंद नोंदवले. विक्रम पाच सहस्रांश सेकंदांनी हुकला. त्या वेगात हे अंतर साडेआठ सेंटिमीटर होतं, वीतभरही नाही. दोन दिवसांत त्यानं दोनदा प्रयत्न केला. त्या हवेत एका किलोनंतर शरीर किती रिकामं होतं हे पाहता दुसरा प्रयत्न करणं हेच मोठं होतं. विक्रम तुर्नांकडेच राहिला.

पण त्याच दौऱ्यात त्यानं आणखी एक विक्रम घेतला: धावत्या सुरुवातीचे ५०० मीटर. म्हणजे वेग आधी गाठायचा, रेषेपासून फक्त तो वेग टिकवायचा. आधीचा विक्रम २५.८५० सेकंदांचा होता. हॉयनं २४.७५८ नोंदवले. ताशी जवळजवळ ७३ किलोमीटर, दोन फेऱ्यांएवढ्या अंतरासाठी. ट्रॅकवरचे विक्रम शतांशांनी आणि सहस्रांशांनी मोडतात. हा सेकंदाहून अधिक फरकानं मोडला.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. उभ्या सुरुवातीच्या किलोमध्ये तो जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या किंचित मागं राहिला. पण सुरुवातीचं ओझं काढून घेतलं, वेग आधीच हातात दिला आणि दोन फेऱ्या तो टिकवायला सांगितलं, तर त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. केइरिनमध्ये मोटरसायकल नेमकं हेच करते: वेग हातात देते आणि अडीच फेऱ्या सोडून जाते. अपयश म्हणून नोंदला गेलेला तो दौरा मला बीजिंगच्या केइरिनचं सगळ्यात स्पष्ट भाकीत वाटतो.

मँचेस्टर आणि बीजिंग

मार्च २००८, मँचेस्टर, घरचा ट्रॅक. केइरिन त्यानं पुन्हा जिंकली. पण सगळ्यांना चकित केलं ते स्प्रिंटनं. उपांत्यपूर्व फेरीत समोर नेदरलँड्सचा थिओ बॉस आला, आदल्या दोन्ही वर्षांचा विश्वविजेता. हॉयनं त्याला हरवलं आणि अंतिम फेरीत फ्रान्सच्या केविन सिरोला. १९५४ च्या रेज हॅरिसनंतर पुरुषांच्या स्प्रिंटमध्ये पहिल्यांदा ब्रिटिश विश्वविजेता झाला. इथंही त्याची रीत तीच: रेंगाळण्याचा खेळ लवकर मोडायचा, लांबून सुटायचं, शेवटच्या २०० मीटरचा चकवा होऊच द्यायचा नाही. दोघांची स्प्रिंट त्यानं एका माणसाच्या टाइम ट्रायलकडं झुकवली.

बीजिंगबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण अवघड काम आधीच झालं होतं. १५ ऑगस्टला स्टाफ आणि जेसन केनी यांच्यासोबत सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण; हॉय शेवटची फेरी एकट्यानं मारणारा तिसरा माणूस, अंतिम फेरीत समोर फ्रान्स. फ्रान्सच्या संघात तुर्नांही होता. १६ ला केइरिन, त्यात रौप्यही संघातल्याच रॉस एडगरला. १९ ला स्प्रिंट. पात्रता फेरीत २०० मीटरला ९.८१५ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. अंतिम फेरीत समोर केनी, वीस वर्षांचा, हॉयपेक्षा बरोबर बारा वर्षांनी लहान. दोघांचा वाढदिवस एकच, २३ मार्च. हॉयनं दोन्ही शर्यती घेतल्या.

याचं श्रेय कुणाकुणाचं

हे प्रकरण एकट्या माणसाच्या पराक्रमाचं म्हणून वाचलं तर चुकीचं शिकायला मिळतं. मँचेस्टरचा बंदिस्त वेलोड्रोम १९९४ मध्ये उघडला. त्याआधी ब्रिटनमध्ये या दर्जाची जागा नव्हती. १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा सायकलिंगला मिळू लागला आणि खेळाडूंना पगारासारखा आधार मिळाला. शर्यत रद्द झाली तेव्हा हॉयला नोकरी शोधावी लागली नाही. त्याच्याकडं प्रशिक्षक होते, मनोविकारतज्ज्ञ होता, सायकली आणि पोशाखांवर संशोधन करणारी माणसं होती, आणि रोज सरावात ज्यांच्याशी झुंजावं असे जगातले चांगले स्प्रिंटर त्याच छताखाली होते. बीजिंगला ट्रॅकवरच्या दहापैकी सात सुवर्णं ब्रिटननं नेली ती योगायोगानं नाही.

इतरांचं काय झालं तेही पाहायला हवं. तुर्नांला बीजिंगमध्ये सांघिक स्प्रिंटचं रौप्य मिळालं, निमकेला त्याच शर्यतीचं कांस्य. वैयक्तिक शर्यतींत दोघेही पदकापर्यंत आले नाहीत. निमके किलोवर प्रेम करत राहिला आणि २००९ मध्ये पुन्हा तिचा विश्वविजेता झाला. विश्व अजिंक्यपद स्पर्धेत ती शर्यत चालूच होती. ऑस्ट्रेलियाच्या ॲना मेअर्सनं अथेन्समध्ये ५०० मीटरचं सुवर्ण ३३.९५२ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलं होतं. तिचीही शर्यत गेली. ती स्प्रिंटकडं वळली; जानेवारी २००८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पडून तिच्या मानेचं हाड मोडलं, आणि सात महिन्यांनी बीजिंगमध्ये तिनं रौप्य घेतलं. चार वर्षांनी लंडनला सुवर्ण. धैर्याच्या मापानं तिचं प्रकरण हॉयपेक्षा मोठं आहे असं मी म्हणेन, आणि ते स्वतंत्रपणे लिहायला हवं.

पण हॉय आणि मेअर्स दोघांच्या मागं भक्कम राष्ट्रीय संघ होते. ज्या खेळाडूचा देश फक्त एका शर्यतीपुरता खर्च करू शकतो, त्याची शर्यत गेली की त्याचं नाव निकालपत्रिकेतूनच जातं. त्याच्यावर असा लेख लिहायला काही हाती लागत नाही. हॉयच्या यशावरून ‘स्पर्धा रद्द करणं खेळाडूला फार जड जात नाही’ असा निष्कर्ष कुणी काढू नये.

पुन्हा एकदा तेच

लंडनपूर्वी कार्यक्रम पुन्हा बदलला. वैयक्तिक परस्यूट, पॉइंट्स रेस, मॅडिसन गेल्या, अनेक शर्यतींची मिळून होणारी ऑम्नियम आली. परस्यूटचा दोन वेळचा ऑलिंपिक विजेता ब्रॅडली विगिन्स तोवर रस्त्यावरच्या शर्यतींकडं वळला होता. २०१२ मध्ये त्यानं टूर दि फ्रान्स जिंकली आणि लंडनला रस्त्यावरच्या टाइम ट्रायलचं सुवर्णही. आणखी एक नियम आला: प्रत्येक वैयक्तिक शर्यतीत एका देशाचा एकच खेळाडू. ब्रिटननं स्प्रिंटसाठी केनीला निवडलं. गतविजेता हॉय आपलं पदक राखायला ट्रॅकवर उतरूच शकला नाही. त्याच्या हातून शर्यत जाण्याची ही दुसरी वेळ, आणि या वेळी निवड योग्य होती. केनीनं सुवर्ण जिंकूनही दाखवलं.

मधली वर्षं हॉयसाठी सरळ नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये कोपनहेगनला पडून कमरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि त्या वर्षीची विश्व अजिंक्यपद स्पर्धा हुकली. २०१० आणि २०१२ मध्ये केइरिनची विश्वविजेतेपदं मिळाली, पण २०० मीटरच्या झटक्यात तरुण मुलं पुढं निघू लागली होती. त्याच्याकडं उरलं होतं ते जुनंच: टिकवायची ताकद. लंडनला फिलिप हिंड्स आणि केनीसोबत सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण ४२.६०० सेकंदांच्या विश्वविक्रमानं आलं.

मग ७ ऑगस्ट, केइरिनची अंतिम फेरी, वय ३६. तो नेहमीसारखा पुढं आला, पण या वेळी योजना मोडली. शेवटच्या फेरीत जर्मनीचा माक्सिमिलियान लेवी बाहेरून आला आणि खरोखरच पुढं गेला. २००७ च्या हॉयकडं या प्रसंगाचं उत्तर नव्हतं. त्याची सगळी रीत कुणाला पुढं जाऊ न देण्यावर उभी होती. लंडनच्या हॉयनं घाबरून बाहेरून पाठलाग केला नाही. आतली रेषा धरून ठेवली, लेवीला जास्त अंतर कापायला लावलं आणि वळणावर आतूनच जोर लावत पुन्हा पुढं निघाला. सहावं ऑलिंपिक सुवर्ण, ब्रिटिश रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्हच्या पाच सुवर्णांच्या पुढं. टिकवायची ताकद किलोनं दिली होती; मागं पडल्यावर काय करायचं हे तो गेल्या सात वर्षांत, माणसांच्या गर्दीत शर्यती करत शिकला होता. एप्रिल २०१३ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.